धम्म-अभ्यास : क्षांती पारमिता आणि पुढारीपण

उपासक-उपासिकांनो,

धम्मदीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. तथागताने सांगितलेल्या दहा पारमितांचे पालन करीन, ही त्यांतली एक प्रतिज्ञा होय. शील, दान, वीर्य, सत्य, करुणा, मैत्री यांच्या जोडीने त्या दहांत क्षांतीही आहे. क्षांती म्हणजे क्षमाशीलता. द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे. ही पारमिता सर्वांनीच पाळावयाची आहे. परंतु ज्याच्याकडे चार माणसांचे पुढारीपण आहे, त्याने ती विशेष पाळली पाहिजे. साध्या माणसाच्या रागाने एका घराची शांती जाते, पुढाऱ्याच्या रागाने सबंध वस्तीत दोन तट पडतात.

येथे पुष्कळांच्या मनात एक शंका येते. “पिढ्यान्‌पिढ्या आम्ही सोसतच आलो. आता धम्मात येऊनही सोसायचेच काय?” शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी सारिपुत्त थेरांचा एक प्रसंग पाहू.

श्रावस्तीच्या जेतवनात वर्षावास संपला होता. भगवान बुद्धांचे अग्रशिष्य सारिपुत्त चारिकेला निघाले. संघात त्यांना धम्मसेनापती म्हणत, एवढा त्यांचा मान. ते निघताच एका भिक्खूने भगवंतांकडे तक्रार केली, “सारिपुत्तांनी मला मारले आणि क्षमा न मागताच ते निघून गेले.” अट्ठकथेत या रागाचे कारण दिले आहे. निरोप घेताना सारिपुत्त कित्येकांशी नाव घेऊन बोलले, परंतु या भिक्खूचे नाव घ्यावयाचे राहिले. शिवाय जाता जाता त्यांच्या चीवराचा काठ त्याला लागला. एवढ्यावरून त्याने मारल्याचा आरोप रचला.

भगवंतांनी ही तक्रार हसण्यावारी नेली नाही. “सारिपुत्त असे करणारच नाहीत,” असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी सारिपुत्तांना माघारी बोलावले. मोग्गल्लान आणि आनंद यांनी विहारात फिरून भिक्खूंना जमविले आणि भर संघात विचारणा झाली. सारिपुत्तांनी आपल्या थोरपणाचा आधार घेतला नाही, की तक्रार करणाऱ्यास कठोर शब्द बोलले नाहीत. पृथ्वीवर कोणी स्वच्छ वस्तू टाको वा घाण टाको, ती किळस करीत नाही. माझे मन मी तसे राखले आहे, असे त्यांनी सांगितले.

हे ऐकून तो भिक्खू उठला. भगवंतांच्या पायांवर डोके ठेवून त्याने आरोप खोटा असल्याचे कबूल केले. आपली चूक चूक म्हणून ओळखणे आणि पुढे सावध राहणे यातच वाढ आहे, असे सांगून भगवंतांनी त्याची कबुली स्वीकारली व सारिपुत्तांना क्षमा करण्यास सांगितले. सारिपुत्तांनी क्षमा केली. इतकेच नव्हे, तर माझे काही चुकले असेल तर त्यानेही मला क्षमा करावी, असे ते म्हणाले.

या प्रसंगातून पुढाऱ्याने चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली : तक्रार दाबू नये. थोर माणसावरचा आरोपही उघडपणे तपासावा.

दुसरी : आरोप झाला म्हणजे आपला मान, आपले पद पुढे करू नये.

तिसरी : चूक आधी चूक म्हणून मान्य व्हावी, नंतर क्षमा व्हावी. सत्य झाकून केलेली क्षमा ही तडजोड असते, तिच्यात वैर शिल्लक राहते.

चौथी : क्षमा करणाऱ्यानेही क्षमा मागावी. त्याने तो लहान होत नाही. समोरच्याची मान ताठ राहते आणि तो संघात टिकतो.

आता पहिल्या शंकेकडे वळू. अन्याय करणारा चूक मान्यच करीत नसेल, तर काय करावे? याचे उत्तर बाबासाहेबांनी महाडला दाखवून दिले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. आपले लोक संतापले होते, उलट मार देण्याची त्यांची तयारी होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. परंतु हल्लेखोरांवर खटले झाले, आणि तळ्याच्या हक्काचा दावा लढविला तो थेट १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत. हात आवरला, हक्क सोडला नाही. क्षांती आणि मुकाट्याने सोसणे यांतला फरक हाच. सोसणारा भीतीने गप्प बसतो. क्षांती पाळणारा सूडही घेत नाही आणि न्यायाची मागणीही सोडत नाही.

हाच नियम आपल्या विहार कमिटीला लावून पाहा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कोणी दिला नाही, तर हिशेब घेतलाच पाहिजे, कारण तो पैसा मोलमजुरी करणाऱ्यांचा आहे. मात्र हिशेब पुरा झाल्यावर, चूक कबूल झाल्यावर, त्या माणसाला जन्मभर चोर म्हणू नये. त्याच्या मुलाबाळांना वंदनेला येण्याची लाज वाटेल असे बोलू नये. अशा एका शब्दापायी घरेच्या घरे विहारापासून तुटतात, आणि तुटलेले घर पुन्हा जुन्या देवा-नवसाकडे वळण्यास वेळ लागत नाही.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खूसंघात पवारणा होते. माझा काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, असे प्रत्येक भिक्खू संघाला विनवितो, आणि ही विनवणी आधी ज्येष्ठ करतात. येत्या आश्विन पौर्णिमेला आपल्या विहारातही अध्यक्षांनी प्रथम उभे राहून असे विचारून पाहावे. मग चिटणीसांनी, मग खजिनदारांनी. घरी आईवडिलांनी मुलांसमोर तसेच करावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भगवंतांनी सारिपुत्तांवरील तक्रार भर संघात का ऐकली?
२. क्षांती आणि मुकाट्याने सोसणे यांत फरक कोणता?
३. आपल्या वस्तीत रागाने विहारात येणे सोडलेले घर आहे काय? त्यांच्याकडे प्रथम कोणी जावे?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.