हृदयाचा चुकलेला ठोका

मनुष्याचें हृदय मिनिटास ७० ठोके ह्या मानानें एका अहोरात्रांत १,००,८०० वेळां आकुंचन पावतें. इतक्या कामांत एखादा ठोका अवेळीं पडला तर नवल नाहीं. तथापि ज्यास तो वारंवार जाणवतो, त्याच्या मनांत भीति घर करते. ही भीति कितपत खरी व सावधगिरी कोणती, ह्याचा येथें विचार करूं.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत एक लहानसा पेशीपुंज आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक ह्यांनीं १९०७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शाळेच्या शिपायाप्रमाणें तो नेमल्या वेळीं घंटा देतो. परंतु कधीं कधीं हृदयांतील दुसरीच एखादी जागा, खोडकर मुलाप्रमाणें, वेळेपूर्वीं घंटा वाजविते. त्या क्षणीं हृदयांत पुरेसें रक्त भरलेलें नसतें. म्हणून तो ठोका दुबळा पडतो व नाडी पाहणाऱ्याच्या बोटांस बहुधा लागत नाहीं. मग किंचित् दीर्घ विराम होतो, त्यांत रक्त अधिक भरतें, आणि पुढचा ठोका छातींत धाडकन बसतो. रोगी म्हणतो, "हृदय थांबलें!" वस्तुतः हृदयानें थांबण्याऐवजीं घाई केलेली असते.

असे ठोके वारंवार पडूं लागल्यास प्रथम डॉक्टरांकडून हृदयाचा विद्युत्-आलेख काढवावा. जरूर तर दिवसभर अंगावर बाळगण्याचें यंत्र लावून ठोक्यांची मोजदाद करवावी. हृदय निर्दोष ठरल्यास हे ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र मूर्च्छा, छातींत कळ, धाप, किंवा घराण्यांत तरुणपणीं झालेला आकस्मिक मृत्यु, ह्यांपैकीं कांहीं असल्यास क्षणाचाही विलंब करूं नये.

ठोके दाबले म्हणजे रोग गेला, असेंही समजूं नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांस एन्केनाइड व फ्लेकेनाइड हीं औषधें एका मोठ्या प्रयोगांत देण्यांत आलीं. अवेळीं ठोके कमी झाले. पण औषध घेणारांतच मृत्यु अधिक झाल्यामुळें १९८९ सालीं तीं बंद करावीं लागलीं. उलटपक्षीं, एकंदर ठोक्यांपैकीं दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक ठोके असे असल्यास हृदय दुर्बल होण्याचा संभव असतो. तेव्हां औषध, किंवा शिरेंतून नळी घालून ती खोडकर जागा जाळून टाकण्याचा उपचार, डॉक्टर सुचवितात.

बाकी उपाय प्रत्येकाच्या हातचे आहेत. जागरण, चिंता, तंबाखू व मद्य टाळावें. चहा-कॉफीनें त्रास वाढतो असें दिसल्यास ती कमी करावी. त्रास केव्हां झाला, आधीं काय खाल्लें, झोप किती झाली, हें वहींत टिपावें. डॉक्टरांनीं मुभा दिल्यावर चालणें-खेळणें सोडूं नये. आणि घडोघडी नाडी चाचपण्याची संवय अवश्य मोडावी. कारण चिंतेनें ठोके अधिक जाणवतात, व जाणवले कीं चिंता पुन्हां वाढते. एकदां नीट परीक्षा झाली, म्हणजे मोजणें डॉक्टरांवर सोंपवून आपण आपल्या कामास लागावें, हेंच श्रेयस्कर.