गोळीआधी कामाचं बोलू

नेवासे तालुक्यातलं आमचं घोडेगाव नगर–संभाजीनगर हमरस्त्यावर आहे. कांद्याची मोठी बाजारपेठ, जनावरांचा बाजार, शिंगणापूरला वळणारा फाटा आणि हंगामात सोनईच्या मुळा कारखान्याकडे जाणारा ऊस. म्हणजे धूळ भरपूर आणि चाकंही भरपूर. औषधाच्या दुकानात बसून या दोन्ही गोष्टी मला एकाच गिऱ्हाइकात दिसतात. शिंकांनी बेजार होऊन गोळी मागणारा माणूस बऱ्याचदा बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर असतो. एव्हिल, सीपीएम, फेनरगन, ॲटॅरॅक्स आणि सर्दीच्या तयार गोळ्या, म्हणजे ॲलर्जीवरची झोप आणणारी औषधं, यांच्या सोबतीत माझी वर्षं गेली. त्यातून जे उमगत गेलं ते सांगतो.

१. स्वस्त गोळीला माणूस हलकी गोळी समजतो. दोन-चार रुपयांत खाज थांबते, मग त्यात घाबरायचं काय, असा सरळ हिशेब असतो. या औषधांमागचं संशोधन मात्र इतकं मोठं होतं, की डॅनियल बोव्हे यांना १९५७ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. अंगावर पित्त उठतं, नाक गळतं, ते हिस्टामीन नावाच्या द्रव्यामुळे, आणि ही गोळी त्याला अडवते. अडचण अशी, की हेच हिस्टामीन मेंदूत आपल्याला जागं ठेवण्याचं काम करतं. जुन्या पिढीतल्या गोळ्या रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथलंही हिस्टामीन अडवतात. म्हणजे झोप हा वाईट कंपनीच्या मालाचा दोष नव्हे. ज्या कामासाठी गोळी घेतली तेच काम ती नको त्या जागी करते. हे एकदा समजलं की ‘चांगल्यातली एव्हिल द्या, झोप न येणारी’ या मागणीला काय उत्तर द्यायचं ते कळतं.

२. ‘मला झोप येत नाही’ हे गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं असतं, आणि तरी त्यावर विसंबता येत नाही. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते याच गोष्टीनं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गाडी चालवण्याच्या आभासी यंत्रावर ४० जणांची चाचणी झाली, २००० साली ती छापून आली. झोप आणणारी डायफेनहायड्रामिन ही जुनी गोळी ५० मिलिग्रॅम घेतलेले लोक दारू प्यायलेल्यांपेक्षाही काही बाबतींत वाईट गाडी चालवत होते. नव्या पिढीतल्या फेक्सोफेनाडिननं तसं काही झालं नाही. पण मला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: स्वतःला किती झोप येतेय हे लोकांनी सांगितलं, त्यावरून त्यांचं गाडी चालवणं किती बिघडलं याचा अंदाज लागत नव्हता. डोळे मिटत नाहीत, जांभई येत नाही, आणि तरी ब्रेकवर पाय जायला उशीर होतो.

हे मला काउंटरवरही दिसतं. सकाळी गोळी घेतलेला माणूस दुपारी परत येतो, बोलायला अगदी नीट असतो. पण सुटे पैसे मोजताना बोटं रेंगाळतात, वीसची नोट हातात धरून तो क्षणभर बघत राहतो, आणि आत्ताच दिलेल्या उत्तराचा प्रश्न पुन्हा विचारतो. त्याला विचारावं तर म्हणतो, ‘मला काय बी व्हत नाय.’ खोटं बोलत नसतो तो. त्याला जाणवतच नाही. रोज घेणाऱ्यांची पेंग काही दिवसांत कमी होते हे खरं, पण पेंग गेली म्हणजे हातपायांची चपळाई परत आली असं धरून चालता येत नाही.

३. म्हणून आजार विचारण्याआधी काम विचारायची सवय मला लागली. ‘आज काय करायचंय?’ एवढाच प्रश्न. उत्तरं ऐकली की गावाचा सगळा दिनक्रम समोर येतो. कुणाला कांद्याची गाडी घेऊन मुंबईला जायचं असतं. कुणाला दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रात्री कारखान्यावर न्यायचा असतो. कुणाची शेतीची लाईट रात्रीची असते, म्हणजे अंधारात विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची, बांधावरून बारं द्यायचं. आणि बायकांच्या बाबतीत जी गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे कडबाकुट्टी. यंत्रात पेंढी सरकवताना हात कुठे थांबवायचा हे डोळे आणि बोटं मिळून ठरवतात, त्यात अर्ध्या क्षणाचा उशीर परवडत नाही. गाडी चालवायची नाही म्हणून मावशींना निर्धास्तपणे सीपीएम देऊ नये, हे मी याच यंत्राकडे बघून म्हणतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूबरोबरच औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा न राहण्याचाही उल्लेख आहे. नाक्यावरच्या फुंकायच्या यंत्रात मात्र गोळी दिसत नाही. तिथे कुणी अडवणार नाही, तेव्हा स्वतःच थांबायचं.

४. रात्री घेतलेली गोळी सकाळी संपलेली नसते. ‘झोपताना घेतो, मग काय?’ हा सल्ला बरा आहे, पण अपुरा आहे. क्लोरफेनिरामाइन, म्हणजेच सीपीएम, मोठ्या माणसाच्या रक्तात निम्मं व्हायला साधारण २० तास घेतं. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा बराच भाग पहाटे चारला कांदा भरायला निघणाऱ्या माणसाच्या अंगात असतो. चहा प्यायल्यानं, तोंडावर पाणी मारल्यानं तो उतरत नाही. पहिल्यांदाच गोळी घ्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशा रात्री घ्यावी, म्हणजे आपल्या अंगाला ती किती लागते ते कळतं.

५. पाकिटावरची नावं वेगळी असली तरी आतलं औषध बऱ्याचदा एकच निघतं. सर्दीच्या तयार गोळीत बहुधा तापाचं पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि झोप आणणारं क्लोरफेनिरामाइन असतं. त्यावर कुणी खोकल्याचं पातळ औषध घेतं, त्यातही तेच असू शकतं. वर खाज सुटली म्हणून त्याच घराण्यातली एव्हिल. तिन्ही औषधं वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेली, मग कुणालाच पूर्ण हिशेब माहीत नसतो. सीपीएमची मोठ्या माणसाची मात्रा एका वेळी ४ मिलिग्रॅम, आणि दिवसात २४ च्या पुढे जायचं नाही. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाईलमध्ये फोटो काढून मोठा करून बघावा, किंवा घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून दुकानात आणावीत. मला पिशवी घेऊन येणारं गिऱ्हाईक फार आवडतं.

याच घराण्यातली आणखी एक गोळी सायप्रोहेप्टाडिन. तिनं भूक लागते, म्हणून ‘तब्येत धरायची गोळी’ म्हणून पोरीबाळी लग्नाआधी मागतात. तीही झोप आणणारीच. डॉक्टरनं लिहिल्याशिवाय देत नाही.

६. दारूबरोबर नाही. थोडीसुद्धा नाही. झोपेच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची कडक औषधं यांच्याबरोबरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोघांचा अंमल एकमेकांवर चढतो, आणि माणूस झोपेत श्वास नीट घेईनासा होऊ शकतो.

७. लेकराला झोपवायला ही औषधं नाहीत, हे सांगताना माझा आवाज चढतो आणि चढू दे. रात्रभर रडणारं पोर, सकाळी कामावर जायचं, आईचे हाल मला कळतात. पण प्रोमेथाझिन, म्हणजेच फेनरगन, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दिलं तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. काही मुलांना उलटाच परिणाम होतो, झोपायच्या ऐवजी ती पिसाळल्यासारखी जागी राहतात, आणि घरचे दुसरा चमचा देतात. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापायला डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान मुलं सर्दी-खोकल्याच्या औषधानं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. तिथे घात केला तो औषधात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्यानं, ॲलर्जीच्या औषधानं नव्हे. पण मनाला लागतं ते हे, की साधी सर्दी बहुतेक वेळा आपोआप जाते, तिला बाटलीची गरजच नव्हती. मीठ-पाण्याचे नाकातले थेंब, पाणी, अंगावरचं दूध, आणि छाती उडत असेल तर तडक बालरोगतज्ज्ञ. आई दूध पाजत असेल तर तिनंही गोळी विचारूनच घ्यावी, कारण ती दुधातून बाळापर्यंत पोचते.

८. म्हाताऱ्या माणसाला या गोळीनं झोपेपेक्षा वेगळाच त्रास होतो, आणि तो गोळीनं झाला हे कुणाच्या लक्षात येत नाही. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, डोळ्यांपुढे धूसर दिसतं. प्रोस्टेट वाढलेल्या बाबांची लघवी तुंबते, मध्यरात्री नळी घालायला दवाखान्यात न्यावं लागतं. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. आजी रात्री उठून ‘ही कुणाची वस्ती?’ असं विचारू लागतात, घरचे म्हणतात वयानं भ्रम झाला. त्यात उठताना तोल जाऊन पडणं आलं, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की सगळंच बदलतं. वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याच्या अमेरिकेतल्या वृद्धोपचार संस्थेच्या यादीत ही जुनी औषधं म्हणूनच आहेत. आजोबा अचानक वेगळं बोलू लागले तर आधी उशाशी नवी गोळी आली आहे का ते बघा.

याच कोरडेपणाची एक बाजू आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये फार महत्त्वाची ठरते. ही औषधं घामही कमी करतात. उन्हाळ कांदा काढायला दिवसभर रानात वाकलेल्या माणसाचा घाम अडला तर ऊन लागायला वेळ लागत नाही.

९. जीव धोक्यात असताना ही गोळी उपयोगाची नाही. मोहोळ उठलं, माश्या चावल्या, आणि ओठ-चेहरा सुजून दम लागला, आवाज घोगरा झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याला मांडीतलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. एव्हिल देऊन ‘बघू अर्धा तास’ म्हणणं म्हणजे तो अर्धा तास घालवणं. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा. विंचवाचंही तसंच. कोकणात विंचूदंशावर पूर्वी झोप आणणाऱ्या औषधांचं मिश्रण देत, त्यात प्रोमेथाझिन असे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून बघितलं की घात हृदयावर होतोय, आणि प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधानं माणसं वाचतात. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. खेड्यात बसलेल्या एका डॉक्टरनं जगाला दिलेली ही देणगी आहे, आणि तरी अजून ‘इंचू चावलाय, एव्हिल द्या’ म्हणत लोक येतात. मी त्यांना गोळी देत नाही, रिक्षा बघून देतो.

१०. गोळी किती दिवस घ्यायची हे गोळीत ठरत नाही, रानात ठरतं. आमच्याकडे खाजेचं मोठं कारण गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते सगळीकडे पसरलं. बांधावर ते फुललं की मान, पापण्या, कोपराच्या आतली कातडी खरखरीत होऊन खाजते, आणि माणूस महिनोन्‌महिने एव्हिलवर राहतो. त्वचेच्या त्या प्रकाराला या गोळीचा तसा फार उपयोगही नसतो. खाज राहते आणि पेंग मात्र मिळते. फुलायच्या आत, हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गवत उपटायचं आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. कांद्याच्या चाळीत काळी बुरशी आणि वाळका पापुद्रा उडतो तेव्हा तोंडाला नुसता टॉवेल न गुंडाळता मास्क लावायचा. आणि औषध लागलंच तर डॉक्टरांना नव्या पिढीतली गोळी चालेल का ते विचारायचं. सेट्रिझीननं काहींना पेंग येतेच, फेक्सोफेनाडिननं सहसा येत नाही, मात्र ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, साध्या पाण्याबरोबर घ्यावी.

पुढच्या वेळी आमच्या किंवा कुठल्याही मेडिकलमध्ये ॲलर्जीची गोळी मागाल, तेव्हा समोरच्यानं विचारण्याची वाट बघू नका. तुमचं वय, चालू असलेली औषधं आणि आजचं काम आपणहून सांगा: ‘मला रात्री गाडी चालवायची आहे, या गोळीनं झोप येते का?’ उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.