डेम्लो संख्या : एक गंमत आणि एक धडा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लेख लिहावा, हे पाहून काहींना हसू येईल. त्यातून माझा तर दहावीनंतर गणिताशी काडीमोड झालेला! परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका संख्येने मला चांगलाच धडा दिला.

शिरूरला रेल्वे नाही. सोलापूरला मामांकडे जायचे तर आम्ही एस.टी.ने दौंड गाठतो. त्या दिवशी गाडीला उशीर होता. सोबत आठवीतला धाकटा भाऊ. "दहावी झाली की मीही दादासारखं गणित सोडणार," हे त्याचे पालुपद. वेळ जावा म्हणून मी वहीच्या पानावर मांडले :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

"पुढचं मी न गुणता सांगतो!" तो म्हणाला, आणि नऊ एकांच्या वर्गापर्यंत पोहोचला : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थानांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी येतो. त्यापुढचे स्थान परार्ध.

या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी दिले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे हे विद्यार्थी पुढे देवळालीला शाळाशिक्षक होते. जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने भागले असता १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे!

"हे असंच अखंड चालणार," मी ऐटीत म्हणालो.

"मग दहा एक घेतले तर मध्ये दहा कसा लिहायचा?" भावाने विचारले.

मला उत्तर येईना. त्याने गुणाकार मांडला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गायब!

कारण त्या मांडणीतच होते. गुणाकारात एकांच्या ओळी एकेक घर सरकवून मांडतात. प्रत्येक उभ्या रकान्यात जितके एक, तितका उत्तराचा अंक. नऊ एकांपर्यंत कोणत्याही रकान्यात नवांहून जास्त एक येत नाहीत, म्हणून हातचा नाही. दहा एक घेताच मधल्या रकान्यात दहा होतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तेथील नवाचे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठात मिळून त्याचे नऊ होतात आणि मगच थांबतो.

मी उदाहरणांवर विसंबलो होतो. भावाने कारण विचारले. नियम कोठवर चालतो, हे उदाहरणे सांगत नाहीत, कारण सांगते. इतिहास किंवा भाषाशास्त्र शिकणाऱ्या आपल्यालाही हे उपयोगी पडावे.

इतक्यात गाडी आली. खिडकीपाशी जागा मिळाली, तरी भाऊ बाहेर पाहीना. त्याने नवे पान उघडून अकरा एक मांडले होते.