रूपगर्व आणि स्वप्नवेड

ग्रीक लोकांच्या पुराणकथांत गर्विष्ठ माणसांना तोटा नाही. कोणी आपल्या रूपाचा तोरा मिरवतो, तर कोणी आपल्या कसबाचा. लिडिया देशातील ॲरॅक्नी ही एका रंगाऱ्याची मुलगी. तिचे विणकाम पाहण्यासाठी वनदेवता डोंगर उतरून येत असत. हे कसब तुला अथीना देवीने शिकवले असावे, असे कोणी म्हटले की तिला राग येई. पुढे तर तिने देवीलाच पैजेचे आव्हान दिले. दोघी मागावर बसल्या. मुलीच्या विणीत देवीलाही कोठे खोट काढता येईना. तेव्हा संतापलेल्या देवीने ते सुंदर वस्त्र टराटरा फाडले आणि अखेर त्या मुलीचा कोळी करून टाकला. या कथेत अधिक गर्व कोणाला होता, मुलीला की देवीला, हे वाचकांनी आपले आपणच ठरवावे.

कॅसिओपिया ही इथिओपियाची राणी. समुद्रकन्यांचे सौंदर्य आपल्यापुढे फिके आहे, अशी फुशारकी तिने मारली. समुद्राचा देव पोसायडन कोपला. त्याने तिच्या राज्यावर पूर आणि एक अक्राळविक्राळ जलराक्षस धाडला. शिक्षा भोगली मात्र भलत्याच व्यक्तीने. राणीची मुलगी अँड्रोमिडा हिला राक्षसाचे भक्ष्य म्हणून समुद्रकाठच्या खडकाला साखळदंडांनी बांधण्यात आले. पर्सियस नावाचा वीर वेळेवर आला म्हणून ती वाचली. बोलली आई, आणि खडकाला बांधली गेली लेक! हिवाळ्याच्या आरंभी रात्री उत्तरेकडे पाहिले, तर पाच ताऱ्यांची, इंग्रजी एम अक्षरासारखी एक आकृती दिसते. तीच ही कॅसिओपिया. मराठीत या तारकासमूहाला शर्मिष्ठा म्हणतात आणि शेजारच्या अँड्रोमिडाला देवयानी. महाभारतातील राजकन्या शर्मिष्ठेनेही गर्वाच्या भरात देवयानीला विहिरीत ढकलले होते. ही नावे ज्याने कोणी दिली, त्याला दोन्ही देशांच्या कथांचे मर्म कळले होते असे वाटते.

परंतु रूपगर्व म्हटला की प्रथम आठवते ती नार्सिससची कथा. रोमन कवी ओव्हिड याने इ. स. ८ च्या सुमारास रचलेल्या ‘मेटामॉर्फसिस’ या लॅटिन काव्यात ती विस्ताराने आली आहे. नार्सिसस हा एका नदीदेवाचा पुत्र. तो जन्मला तेव्हा त्याच्या आईने टायरेसियस नावाच्या द्रष्ट्याला त्याच्या आयुष्याविषयी विचारले. मुलगा स्वतःला ओळखणार नाही तर पुष्कळ जगेल, असे चमत्कारिक उत्तर त्या द्रष्ट्याने दिले. त्याचा अर्थ तेव्हा कोणालाच उमगला नाही.

नार्सिसस सोळा वर्षांचा झाला. त्याचे रूप असे की पाहणाऱ्याची नजर हटू नये. पण मन असे कठोर की कोणाच्याही प्रेमाची त्याने कधी कदर केली नाही. रानात एको नावाची एक वनदेवता राहत असे. पूर्वी ती फार बोलकी होती. गोष्टींत गुंतवून तिने एकदा देवांची राणी हेरा हिला फसवले होते. म्हणून हेराने तिला शाप दिला, की तुला आपण होऊन बोलता येणार नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातील शेवटचे शब्द तेवढे तू उच्चारशील. बिचारीचे नार्सिससवर प्रेम जडले, पण ते सांगावे कसे? शिकारीत वाट चुकलेला नार्सिसस सोबत्यांना हाका मारू लागला, तेव्हा त्याच्याच हाकेचे शेपूट तिच्या तोंडून परत येऊ लागले. ती धावत पुढे आली. त्याने तिला झिडकारले. लाजेने ती गुहांत जाऊन राहिली आणि झुरत झुरत तिचे शरीर नाहीसे झाले. हाडांचे दगड झाले. उरला तो केवळ आवाज. दऱ्याखोऱ्यांत आपण जो प्रतिध्वनी ऐकतो, तो तिचाच, असे ती कथा सांगते.

नार्सिससने झिडकारलेल्या आणखी एकाने देवांकडे गाऱ्हाणे मांडले, आणि नेमेसिस या देवीने ते ऐकले. एके दिवशी थकलाभागला नार्सिसस एका झऱ्यापाशी आला. ते पाणी निर्मळ होते. मेंढपाळ तेथे फिरकत नसत, शेळ्या पाण्याला येत नसत, पाखरेही ते ढवळत नसत. पाणी पिण्यास तो ओणवा झाला आणि समोर दिसणाऱ्या मुखावर भुलला. तो हसला की ते मुखही हसे. त्याने हात पुढे केला की तिकडूनही हात येई. पण पाण्याला स्पर्श होताच सारे विसकटून जाई. पुष्कळ वेळाने त्याच्या ध्यानी आले, की हा तर मीच! द्रष्ट्याचे शब्द खरे ठरले. पण ओळख पटूनही त्याला उठवेना. डोळ्यांतून टपकणाऱ्या आसवांनीच पाणी हलले आणि ते रूप दिसेनासे झाले, तसा तो अधिकच व्याकूळ झाला. तहानभूक विसरून तो तेथेच संपला. एको तेव्हाही जवळच होती. त्याच्या प्रत्येक उसाशाला ती उसासा देत होती. पण त्याला तो ऐकू गेला नाही. त्याच्या देहाच्या जागी पांढऱ्या पाकळ्यांचे, मध्यभागी पिवळे असे एक फूल उगवले. त्याच्याच नावाने ओळखली जाणारी ही फुले आपल्याकडे नर्गिस म्हणून प्रसिद्ध आहेत.

पॉसेनियस हा इ. स. च्या दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी. तो हिंडत हिंडत त्या झऱ्याच्या प्रदेशात गेला होता. प्रेमात पडण्याइतक्या वयाच्या माणसाला खरा मनुष्य आणि पाण्यातील प्रतिबिंब यांतील भेद कळू नये, ही गोष्ट त्याला निव्वळ खुळेपणाची वाटली. त्याने या कथेचा दुसरा, फारसा परिचित नसलेला प्रकार नोंदवून ठेवला आहे. त्यात नार्सिससला एक जुळी बहीण होती. दोघांचे रूप सारखे, वेष सारखा. शिकारीलाही दोघे बरोबर जात. ती बहीण मरण पावली. पाण्यात दिसते ते आपलेच प्रतिबिंब, हे जाणूनही नार्सिसस त्या झऱ्यावर जाई; कारण त्या मुखात त्याला बहिणीची आठवण सापडे. मुलगा तोच, पाणीही तेच. पण येथे रूपगर्वाचा मागमूस उरत नाही. गर्व हा आरशात पाहण्यात नसतोच. आरशात पाहताना डोळ्यांपुढे कोण असते, यावर तो अवलंबून असतो.

हीच कसोटी स्वप्नांमागे धावणाऱ्यांनाही लावता येते. अशा माणसांत स्पेन देशाच्या डॉन किहोटेसारखा दुसरा विरळा. त्याचा निर्माता मिगेल दे सर्व्हान्टिस (१५४७–१६१६) याने स्वतः स्वप्नभंग पुष्कळ सोसले होते. १५७१ मध्ये लेपांटोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. १५७५ मध्ये चाच्यांनी त्याला पकडून अल्जिअर्सला नेले. तेथून निसटण्याचे चार प्रयत्न फसले आणि पाच वर्षांनी खंडणी भरल्यावर त्याची सुटका झाली. मायदेशी आल्यावरही त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. त्याच्या या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये व दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ला मांचा प्रांतातील हा पन्नाशीला टेकलेला गृहस्थ शूर शिलेदारांच्या अद्भुत कथा वाचून वाचून वेडावला. पुस्तके घेण्यासाठी त्याने शेतीही विकली. अन्याय निवारण्यासाठी आपणही शिलेदार होऊन बाहेर पडावे, असे त्याने ठरवले. पणजोबांच्या वेळचे गंजलेले चिलखत त्याने घासूनपुसून काढले. शिरस्त्राण अपुरे होते, म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा जोडून ते पुरे केले आणि मजबुती पाहण्यासाठी त्यावर तलवारीचा वार केला. आठवड्याचे काम एका घावात फुटले! मग त्याने आतून लोखंडी पट्ट्या बसवून ते पुन्हा तयार केले. मात्र या वेळी त्याने त्यावर वार करून पाहिला नाही. ते उत्तम आहे, असे ठरवून तो मोकळा झाला. हा प्रसंग वाचताना हसू येते, पण नार्सिससचा झरा येथून फार दूर नाही. आपल्या मनातील चित्र विसकटू नये म्हणून त्यानेही पाणी ढवळण्याचे टाळले.

पवनचक्क्यांना राक्षस समजून त्याने केलेला हल्ला सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मनाला लागतो तो अँड्रेस या पोराचा प्रसंग. एक शेतकरी या मेंढपाळ मुलाला झाडाला बांधून पट्ट्याने झोडपत होता. मेंढ्या हरवतात असे धन्याचे म्हणणे. नऊ महिन्यांचा पगार थकला आहे असे पोराचे. किहोटेने भाला रोखून धन्याला दरडावले, मुलाला सोडवले आणि पगार देण्याचे वचन घेतले. हा माणूस शब्द पाळणार नाही, असे मुलगा काकुळतीने सांगत होता; पण एक मोठा अन्याय दूर केल्याच्या समाधानात किहोटेने घोड्याला टाच दिली. तो दिसेनासा होताच धन्याने मुलाला पुन्हा झाडाला बांधले आणि पहिल्याहून अधिक मारले. पुढे केव्हातरी तो मुलगा पुन्हा भेटला. माझे कोणी तुकडे करीत असले तरी, महाराज, माझ्या मदतीला येऊ नका, असे त्याने हात जोडून विनवले. किहोटे शरमून गेला. त्या वेळी मुलाच्या हाती भाकरीचा तुकडा आणि चीज ठेवले ते त्याचा सेवक सँचो पान्झा याने.

हा सँचो मोठा मजेदार माणूस. एका बेटाचे राज्य मिळेल या आशेने तो गाढवावर बसून धन्यामागे निघाला होता. पवनचक्क्या त्याला पवनचक्क्याच दिसत आणि तसे तो धन्याला तोंडावर सांगेही. नार्सिससजवळ एको होती, पण तिला स्वतःचे शब्द नव्हते. किहोटेजवळ मात्र उलट बोलणारा एक माणूस होता. वाटेत दोघे अखंड वाद घालीत. किहोटे चिडे, मग निवळे, आणि हळूहळू ऐकू लागे. पुढे एका सरदाराने थट्टेने सँचोला खरोखरच एका गावाचा राज्यपाल केले, तेव्हा त्याने असा चोख न्याय दिला की थट्टा करणारेच चकित झाले. हे काम आपले नव्हे असे उमजल्यावर, एक पैही न घेता, तो आपल्या गाढवाकडे परत आला.

किहोटेला घरी आणण्यासाठी त्याच्या गावच्या एका पदवीधराने शिलेदाराचे सोंग घेतले. पहिल्या वेळी तो अंगरख्यावर लहान लहान आरसे लावून आला होता; त्याचा घोडा जागचा हलेना, आणि तोच हरला. दुसऱ्या वेळी बार्सिलोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने किहोटेला घोड्यावरून पाडले आणि तोंडावरच्या झडपेवर भाला टेकवला. दुल्सिनिया राणी जगात सर्वश्रेष्ठ नाही, एवढे कबूल करण्याची अट होती. धुळीत पडलेला म्हातारा क्षीण आवाजात म्हणाला की मी दुबळा ठरलो म्हणून सत्य खोटे ठरू नये, हवे तर माझा प्राण घ्या. ती राणी केवळ त्याच्या कल्पनेतील होती, ही गोष्ट निराळी. शिरस्त्राणावर दुसरा वार करण्यास भिणारा तो हाच मनुष्य. पण आता स्वतःचा पराभव त्याला सहज कबूल होता.

वर्षभर शस्त्र हाती धरणार नाही असे वचन देऊन तो घरी आला आणि तापाने अंथरुणास खिळला. एका दीर्घ झोपेतून जागा झाल्यावर त्याचे वेड पार गेले होते. त्याने आपले खरे नाव सांगितले, मृत्युपत्र लिहविले आणि तुला वेडाच्या वाटेस लावले म्हणून सँचोची क्षमा मागितली. सँचो ढसढसा रडू लागला. मरू नका, धनी, उठा, असे तो विनवू लागला. ठरल्याप्रमाणे मेंढपाळांचा वेष करून आपण रानात जाऊ. कोणी सांगावे, एखाद्या झुडपाआड दुल्सिनिया राणीही भेटेल, असे तो परोपरीने सांगत राहिला.