शोक, व्यायाम आणि अध्व : अतिदीर्घ धावण्याचा शास्त्रीय विचार

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते; त्याहून लांब पल्ल्याची धाव ती अल्ट्रामॅरेथॉन. प्रियजनाच्या मृत्यूनंतर या धावण्याकडे वळलेले रुग्ण आता आपल्याही चिकित्सालयात येऊ लागले आहेत. ‘धावलो म्हणून सावरलो’ असे ते सांगतात आणि त्यात खोटे काही नसते. तथापि सुश्रुतांनी उत्तरतंत्रात उल्लेखिलेल्या व माधवकरांनी स्वीकारलेल्या शोषप्रकारांत शोकशोष, व्यायामशोष आणि अध्वशोष हे तिन्ही एकाच गणनेत येतात. शोकग्रस्त धावपटूच्या ठायी हे तिन्ही हेतू एकत्र नांदतात. अशा रुग्णास वैद्याने काय सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

शोक आणि दीर्घ धाव यांचा संबंध नवा नाही. दक्षिण आफ्रिकेतील सुप्रसिद्ध कॉम्रेड्स मॅरेथॉनचा जन्मच शोकातून झाला. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत सुमारे २७०० किलोमीटरची पायपीट केलेल्या व्हिक क्लॅपहॅम यांना मृत सहकाऱ्यांचे स्मारक दगडाचे नको होते. त्या सैनिकांनी सोसलेल्या कष्टांची आठवण शरीराने सोसूनच राखावी, अशी त्यांची धारणा होती. २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनकडे ३४ जण निघाले आणि त्यांपैकी १६ जणांनी धाव पूर्ण केली. पहिल्या आलेल्या बिल रोवन यांनाही जवळजवळ नऊ तास लागले. आज हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास असून कालमर्यादा बारा तासांची आहे. वाटेत ‘आर्थर्स सीट’ नावाची, दरडीत कोरलेली एक बैठक लागते. ही स्पर्धा पाच वेळा जिंकणारे आर्थर न्यूटन तेथे विसावत, असे सांगतात. आजही धावपटू तेथे फूल वाहून पुढे जातात. महाराष्ट्रातूनही अनेक जण या स्पर्धेस जातात. आषाढी वारीची परंपरा असलेल्या आपल्या प्रांतास चालण्याने मन हलके होते हे मुद्दाम शिकविण्याची गरज नाही. मात्र वारीत रोजचा मुक्काम असतो, भोजन असते, संगत असते, हा भेद लक्षात ठेवावा.

आता ग्रंथांकडे वळू. चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, म्हणजे ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात, या विषयाचे जवळजवळ सर्व धागे एकत्र सापडतात. तेथे व्यायामाच्या फलांत लाघव, कर्मसामर्थ्य व स्थैर्य यांच्याबरोबरच दुःखसहिष्णुता सांगितली आहे. मात्र क्रोध, शोक, भय व आयास यांनी ‘क्रान्त’ झालेल्यांस आणि अध्वगमनाने कृश झालेल्यांस त्याच प्रकरणात व्यायाम वर्ज्य म्हटला आहे. हा विरोध वरवरचा आहे, असे माझे मत आहे. क्रान्त म्हणजे आक्रान्त, पूर्णपणे घेरला गेलेला. ज्याचा अग्नी मंदावला, निद्रा गेली, बल क्षीण झाले, त्यास धावण्याची आज्ञा देणे हा अपचार होय. शोकाची ती अवस्था ओसरून अग्नी व निद्रा पूर्ववत होऊ लागल्यावर तोच व्यायाम दुःखसहिष्णुता वाढवितो. निर्णय अवस्थेवर आहे. मृत्यू होऊन किती महिने लोटले, या हिशेबावर तो करू नये.

याच अध्यायातील दुसरा भेद मला अधिक मोलाचा वाटतो. शोक हा धारणीय वेग आहे, तर बाष्प म्हणजे अश्रू हा अधारणीय. शोकास आवर घालावा, अश्रूंस घालू नये. बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात आणि त्याच्या उपचारांत निद्रा व प्रिय कथा सांगितल्या आहेत. माझ्याकडे येणारी एक शिक्षिका पतिनिधनानंतर वर्षभराने धावू लागली. घरी सासू-सासरे व मुले यांच्यादेखत तिला रडता येत नसे. पहाटेच्या रस्त्यावर ते साधले. भूक सुधारली, झोप परतली. पुढे मात्र आठवड्याचे अंतर शंभर किलोमीटरवर गेले, वजन सहा किलोंनी घटले, आर्तव अनियमित झाले आणि विश्रांतीचा एक दिवसही तिला घरात बसवेना. प्रध्यानशीलता हे शोकशोषाचे लक्षण. कंठ-मुखशोष व गात्रसुप्ती ही अध्वशोषाची. तिच्यात तिन्ही दिसत होती. मी धावणे बंद केले नाही. ते पादांशिक क्रमाने कमी केले, स्निग्ध आहार व अभ्यंग योजले आणि आठवड्यातून एक दिवस नणंदेबरोबर नुसते चालावयास सांगितले. चालताना गप्पा होतात, हाच त्यातील हेतू. ती आजही धावते. वजन स्थिर आहे.

अर्धशक्तीचे प्रमाण येथे कसे लावावे, असे वैद्यबंधू विचारतील. वाग्भटांनी ते बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस, शीतकाळी व वसंतात सांगितले आहे. नव्वद किलोमीटरची धाव अर्धशक्तीत बसत नाही, हे स्पष्ट बोलावे. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची वाग्भटोक्त उपमा रुग्णास सांगितली तर ती चटकन पटते. परंतु वर्षातून एकदा होणारी अशी धाव आणि दर रविवारी ओढवून घेतलेला अतिव्यायाम यांत फरक आहे. पहिल्यास आपण तयारी व नंतरची विश्रांती देऊ शकतो. दुसरा सरळ साहस होय आणि साहस हा राजयक्ष्म्याच्या चार हेतूंपैकी एक आहे.

औषधी-दुकानदारांसाठी काही गोष्टी. लांब धावेपूर्वी वेदनाशामक गोळ्या मागणारा ग्राहक आल्यास त्या देऊ नयेत. घामाने जलक्षय झालेला असताना या गोळ्यांनी वृक्कांस अपाय होऊ शकतो. धावेनंतर मूत्र काळपट-तांबूस होऊन मांड्या ताठरल्यास मूत्रल द्रव्ये देत बसू नये, तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पाण्याचा अतिरेकही घातक आहे. दक्षिण आफ्रिकेचे टिमोथी नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा धावपटूंचे वर्णन केले, ज्यांच्या रक्तातील सोडियम अतिजलपानाने घटले होते. दीर्घ धावेनंतर शिरःशूल, छर्दी, हातांस शोथ व संभ्रम दिसल्यास जलक्षय समजून आणखी पाणी पाजू नये. त्या रुग्णाची रक्ततपासणी व उपचार रुग्णालयातच व्हावयास हवेत.