पुढच्या चाकाचा ब्रेक

गेल्या पावसाळ्यात मी सायकलवरून पडलो हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण का पडलो ते आज सांगतो. "पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील" असे मोठी मुले सांगायची. म्हणून मी पुढच्या ब्रेकची तारच काढून टाकली होती! शाळेच्या उतारावर म्हैस आडवी आली. मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक थांबले, सायकल थांबेना. मागची बाजू आडवी फिरली अन् मी चिखलात.

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "अरे, मोठमोठ्या मोटारी बनवणाऱ्यांनाही हीच भीती होती." मग त्यांनी फळ्यावर चित्रे काढून समजावले, ते लिहितो.

इंग्लंडात १९०६ साली रोल्स-रॉइस कंपनीने एक मोटार काढली. तिला पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले. राजेमहाराजांची गाडी! पण ब्रेक पुढच्या चाकांना नाहीतच. हाताचा ब्रेक मागच्या चाकांच्या ड्रमवर, आणि पायाचा गिअरबॉक्सच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर. पाय दाबला की सगळा ताण मागच्या आसातल्या दातेरी चाकांवर. १९१३ साली पायाचा ब्रेकही मागच्या ड्रमवर आणला. अशीच एक सिल्व्हर घोस्ट १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटारींच्या कसोटीत धावली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचे नाव. वाटेत घाट. चढायला इंजिन आहे हो, पण उतरताना? खालचा गिअर टाकायचा आणि मागच्या दोन चाकांवर भिस्त ठेवायची.

आता एस.टी. आठवा. ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे जातो ना? तसेच गाडीचे वजनही पुढच्या चाकांवर जाते. मागची चाके हलकी होतात नि घसरतात. म्हणजे खरी पकड पुढे, आणि ब्रेक मात्र मागे!

मग पुढे का नाही लावला? एक तर पुढची चाके अडकली तर गाडी वळणार नाही, ही भीती. ती अगदीच खोटी नव्हती. दुसरे कारण पुढचा आस. आपल्या बैलगाडीचा आस वजन पेलतो, एवढेच. मोटारीच्या पुढच्या आसाच्या टोकांना चाके उजवी-डावी वळतात. वळलेल्या चाकातला ब्रेक सळईने नीट ओढायचा कसा? शिवाय ब्रेक लागला की आसाला पीळ बसतो, म्हणून तो भक्कम हवा.

१९१९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात हिस्पानो-सुइझा कंपनीची एच-सिक्स मोटार आली. मार्क बिर्किग्ट हे तिचे इंजिनिअर. चारी चाकांना ब्रेक, आणि मदतीला सर्वो. ही युक्ती मला फार आवडली. गिअरबॉक्सवर एक भाग फिरत असतो. पेडल दाबले की दुसरा भाग त्याला घासून चिकटतो. फिरणारा त्याला ओढतो, ती ओढ सळयांनी ब्रेकपर्यंत जाते. गाडीच्या धावण्याचाच जोर गाडी थांबवायला! रोल्स-रॉइसने परवाना घेऊन हीच रीत १९२३-२४ मध्ये सिल्व्हर घोस्टला लावली. अमेरिकेत ड्युसेनबर्गने १९२१ साली सळयांऐवजी नळीतल्या द्रवाने चारी ब्रेक दाबले. हल्लीच्या मोटारींत ब्रेक द्रवानेच दाबले जातात.

मी सायकलला नवी तार बसवली आहे. आता दोन्ही ब्रेक बरोबर दाबतो, पुढचा हळूच. गुरुजींचे चित्र खाली चिकटवले आहे. त्यातला लाल रंग ब्रेकचा, निळा आसाचा.