माळ्यावरची पत्रे

मुलांनो, तुमच्या घरी जुनी पत्रे जपून ठेवली आहेत का? उर्दूत तुम्ही पत्राला 'खत' म्हणता. मराठीत मात्र खत शेतात घालतात! म्हणून आपण 'पत्र' हाच शब्द वापरू.

1804 साली अमेरिकेच्या सरकारने पश्चिमेकडचा अनोळखी प्रदेश पाहण्यासाठी एक तुकडी पाठवली. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क हे तिचे प्रमुख होते. मिसुरी नदीतून आणि मग डोंगर ओलांडून ती पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचली. प्रदेश अनोळखी होता, पण तो सरकारला. तिथे कितीतरी आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. मँडन लोकांचा मका आणि शोशोनी लोकांचे घोडे मिळाले नसते, तर ही तुकडी पुढे कशी गेली असती?

तुकडीत यॉर्क नावाचा माणूस होता. तो क्लार्कचा गुलाम. त्याने शिकार केली, ओझी वाहिली, आजाऱ्याची सेवा केली. 1805 च्या नोव्हेंबरात, हिवाळा कुठे काढायचा यावर सर्वांची मते घेतली, तेव्हा यॉर्कचेही मत लिहून घेतले. 1806 साली तुकडी परत आली. शिपायांना दुप्पट पगार आणि जमीन मिळाली. यॉर्कला काहीच मिळाले नाही.

पुढची हकीकत प्रवासाच्या रोजनिशीत नाही. क्लार्कने आपला थोरला भाऊ जॉनथन याला लिहिलेल्या पत्रांत ती आहे. ही पत्रे घराण्यातच राहिली. 1988 साली ती वंशजांच्या घरी माळ्यावर सापडली आणि 2002 साली पुस्तकरूपाने छापली गेली.

काय होते त्या पत्रांत? यॉर्कची बायको केंटकीतील लुइव्हिल शहरी दुसऱ्या मालकाकडे गुलाम होती. क्लार्क सेंट लुइसला राहायला गेला आणि यॉर्कलाही घेऊन गेला. यॉर्कने विनवणी केली, "मला बायकोजवळ राहू द्या. तिथे मी मजुरी करीन." क्लार्कने त्याला भेटीपुरते पाठवले, पण कायमचे राहू दिले नाही. 1809 साली तो भावाला कळवतो की, यॉर्क ऐकत नव्हता म्हणून मी त्याला मारले. ज्याचे मत समुद्रकिनारी विचारले, त्यालाच!

2001 साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी यॉर्कला मरणोत्तर सार्जंट हे मानाचे पद दिले.

यॉर्कने स्वतः लिहिलेले एकही पत्र आपल्या हाती नाही. त्याच्या बायकोचे नावही कोणी लिहून ठेवले नाही.

शब्दार्थ : माळा – घराच्या छपराखालची जागा, रोजनिशी – दररोजच्या घटनांची वही, वंशज – पुढच्या पिढ्यांतील माणसे, मरणोत्तर – मृत्यूनंतर.

स्वाध्याय : (1) यॉर्कची क्लार्कजवळ कोणती मागणी होती? (2) यॉर्कच्या वतीने जॉनथनला पाच ओळींचे पत्र लिहा.